हीटरचा मान

निफाडच्या थंडीत दिगंबररावांनी हीटर आणला आणि बैठकीत देवासारखा मांडला. वरचं प्लॅस्टिक मात्र काढलं नाही. हीटरला थंडी बाधेल, अशी काळजी असावी.

"अहो, लावा ना जरा. भाकरी थापताना बोटं वळत नाहीत," शालिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, पाहुणे आले की लावू. रोज लावून खराब करायचाय का?"

पाहुणे आले की खरंच लावत. पाहुणे शेकत बसत आणि शालिनीबाई गारठलेल्या स्वयंपाकघरात त्यांचा चहा करत. पाहुणे गेले की प्लॅस्टिक पुन्हा चढे.

एका रविवारी भांडी घासताना सुन्न बोटांतून कप निसटून फुटला. शालिनीबाईंनी तुकडे उचलले, ठेवणीतली साडी नेसली, पर्स घेतली आणि त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. मग पुढच्या दाराची बेल वाजली.

"अगं, तू?" दिगंबरराव दारातच थबकले.

"पाहुणी आलेय," म्हणत त्या कोचावर बसल्या.

दिगंबररावांनी प्लॅस्टिक काढून बटण दाबलं. शालिनीबाईंनी तळवे पुढे धरले. कितीतरी दिवसांनी बोटं सैलावली.

"छान आहे हो हीटर," त्या म्हणाल्या, "पण इथे पाहुण्यांना चहा विचारत नाहीत वाटतं?"