उम्म वाइलचा स्टार्टर

उम्म वाइलने, म्हणजे वाइलच्या आईने, गाडीची चावी फिरवली. 'टक्' असा एक आवाज आला आणि पुढे काही नाही.

"बॅटरी," नझीह म्हणाला. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, हे त्याचं त्यालाही जरा लवकर वाटलं.

उम्म वाइलने दिवे लावले. समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. मग तिने हॉर्न असा वाजवला की वरच्या मजल्यावरची शेजारीण खिडकीत आली ती तिथेच राहिली. बॅटरी ठणठणीत होती. सतरा वर्षं मेकॅनिकचा संसार केलेल्या बाईला बॅटरीची थाप मारू नये, एवढं नझीहला कळायला हवं होतं. पण तो बुधवार होता, आणि बुधवारी होम्स शहरातल्या माणसाची अक्कल रजेवर असते, असं सगळा सीरिया म्हणतो.

तो मेकॅनिक म्हणजे तिचा नवरा हैसम. नझीह आणि तो गॅरेजात भागीदार होते. शहराला वेढा पडला त्या वर्षी सरकारच्या माणसांनी हैसमला घरातून उचलून नेलं, तो परत आला नाही. आता राजवट बदलली होती. राजधानीतल्या एका कचेरीत जुन्या फायली घरच्यांना दाखवत होते, आणि चहाडी कोणी केली ते फायलीत सहीसकट सापडत होतं. होम्सवाल्यांसाठी कचेरीने नेमका बुधवार ठरवला होता. हा विनोद होता की योगायोग, ते विचारायची सोय नव्हती. बारापर्यंत पोचेल तो आत, बाकीचे पुढच्या बुधवारी. सकाळची बस उम्म वाइलने गाडीच्या भरवशावर सोडली होती.

हैसमच्या फायलीत चार ओळींचा एक कागद नझीहच्या हातचा होता. हैसम याच गाडीतून वेढ्याच्या आत औषधं नेतो, एवढंच त्यात होतं. नझीहला दोन दिवस कोंडून तिसऱ्या दिवशी पेन दिलं होतं. अक्षर सुबक आल्याबद्दल चौकशीच्या साहेबाने कौतुकही केलं होतं.

तेव्हापासून उम्म वाइलच्या घरचा नळ, पंखा, गाडी, सगळं नझीह बघत आला होता. मित्र असावा तर असा, असं गल्ली म्हणायची. हैसमचं नाव कोपऱ्यावरच्या शाळेला द्यायचं घाटत होतं, आणि त्या कमिटीतही गल्लीने नझीहलाच घेतलं होतं.

तो गाडीखाली शिरला, स्टार्टरवर, म्हणजे इंजिनला पहिला वळसा देणाऱ्या मोटरवर, हातोडीचे दोन हलके ठोके मारले आणि चावी फिरवायला सांगितली. इंजिन अर्धा वळसा फिरलं आणि थांबलं. आता बिघाडाबद्दल थाप मारायला जागाच उरली नाही. आतले ब्रश झिजले होते, स्टार्टर बदलायलाच हवा होता. पण असला स्टार्टर होम्समध्ये मिळणार नाही, दहा-बारा दिवस तरी लागतील, असं तो फार दुःखाने म्हणाला.

उम्म वाइल घरात गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टार्टर घेऊन आली. 'टक्' तिने परवाच ऐकलं होतं. कालच भंगारवाल्याकडून हा आणला होता, तोही बॅटरीला लावून, फिरतो की नाही ते बघून.

मग इलाज नव्हता. गल्लीतल्या चौघांनी गाडी ढकलून पुढची चाकं लाकडी फळ्यांच्या उतारावर चढवली आणि ते आपल्या कामाला गेले. नझीहने बॅटरीची वायर सोडवली आणि तो पाठीवर खाली सरकला. उम्म वाइल कॉफीचा कप घेऊन स्टिअरिंगवर बसली. तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं. हैसम असताना दारात सापडलं होतं म्हणे.

खालचा बोल्ट निघाला. वरचा दिसत नव्हता, चाचपडूनच काढायचा. काळं तेल बाहीत उतरलं.

"हा बोल्ट हैसम शिव्या देऊन काढायचा," नझीह खालून म्हणाला.

"घरीही सगळं तसंच करायचा," उम्म वाइल म्हणाली.

नझीह हसला. गेलेल्या माणसाच्या आठवणीवर हसायचं असतं.

जुना स्टार्टर उतरला, नवा चढला. शेवटचा नट जाड वायरचा. तो सैल ठेवला असता तर गाडी आत्ता सुरू झाली असती, आणि हायवेवर कॉफीला थांबवली की पुन्हा उठली नसती. नझीहने नटावर पाना ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला. मग करकचून आवळला. वर येऊन बॅटरी जोडली आणि पुन्हा खाली शिरला.

स्टार्टर बसवल्यावर पहिली चावी खालून ऐकायची, असा त्यांच्या गॅरेजचा रिवाज होता. त्यासाठी चावीवरच्या माणसावर भरवसा लागतो. गाडी गिअरमध्ये असली तर ती उडी मारते, आणि ऐकणारा तिच्या चाकाखाली असतो.

"वहिनी," तो म्हणाला, "फायलीत माझं नाव आहे."

वर कप ठेवल्याचा आवाज झाला. मग गिअरचा दांडा सरकला. तो गिअरमध्ये गेला की बाहेर आला, हे खालून कळत नाही. बाहेर सरकायला नझीहला दोन क्षण पुरले असते. तो सरकला नाही.

"फिरवू?"

"फिरवा."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली.

नझीह बाहेर आला आणि खिडकीपाशी मान खाली घालून उभा राहिला. उम्म वाइलने आरसा नीट केला, वर खिडकीतल्या शेजारणीकडे एकदा पाहिलं, आणि इंजिनच्या आवाजाखाली दबेल एवढ्या हळू म्हणाली,

"तुमचं असेल दुसऱ्या पानावर, भावजी. हैसमविरुद्ध पहिला अर्ज माझा आहे. वाइल शुक्रवारी जर्मनीहून येतोय, बापाची फाईल बघायला. त्याआधी मला तो काढून आणायचाय."