फाडफाड इंग्लिश

लंडनचं स्थळ आलं तसं आबांनी लेकीला रहिमतपुरात इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला घातलं. तिथं शिवांजली इच्छा सांगायला, आवडनिवड कळवायला, सल्ला द्यायला शिकली. घरात ती मराठीतून रोज नको म्हणत होती. कुणी मनावर घेतलं नाही. आज कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळे व्हिडिओ कॉलसमोर बसले. मुलानं इंग्रजीत विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती इंग्रजीतच म्हणाली, "मला हे लग्न नकोय. त्यापेक्षा मी शिकेन. इथं माझं कुणी ऐकत नाही, तुम्हीच नकार दिलेला बरा." आबांनी मांडीवर थाप मारली. "मला काय कळंना, पर कसलं फाडफाड बोलतीया पोरगी!" "होईल सवय," मुलगा हसून तिला इंग्रजीत म्हणाला आणि मराठीत, "काका, मुलगी पसंत आहे." ती मराठीत बोलणार, तोच आबांनी पहिला पेढा तिच्याच तोंडात कोंबला.