फिर्यादीचं म्हणणं

सुकन्याला नवऱ्यानं पेटवलं. नांदेडच्या दवाखान्यात तिनं स्वतःच्या तोंडानं फिर्याद दिली आणि एकोणिसाव्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून तिचे वडील रामकिशन हदगावच्या बसनं दर तारखेला कोर्टात जात. जावयाला सरकारी वकील मिळाला, वेळेवर जेवण मिळालं, पोट दुखलं तर डॉक्टरही. "आरोपीला बी हक्क असतेत, मामा," असं सगळ्यांनी रामकिशनना नीट समजावलं होतं. 'बसा' असं मात्र त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

जावयानं जामीन मागितला, तेव्हा नवा जमादार कागद घेऊन खुद्द घरी आला.

"मामा, आता फिर्यादीचं बी ऐकून घेतेत. हरकत असंल तर कोर्टात सांगायची."

"हाव का? लई उशिरा सुचलं सरकारला!" दोन वर्षांत रामकिशन पहिल्यांदाच हसले. बायकोला ठेवणीतलं धोतर काढायला सांगून, चष्मा लावून ते कागद वाचू लागले.



'फिर्यादी सुकन्या हिने मंगळवारी सकाळी अकरा वाजता स्वतः हजर राहावे. हजर न राहिल्यास जामिनास तिची हरकत नाही, असे समजण्यात येईल.'