जेमाच्या पाच घंट्या

नबघनच्या दुकानात एक टेलिफोन होता, एक बॅटरी, छपरावर दोन सौरपट्ट्या आणि बाहेरच्या बाकावर सात बायका. रविवार होता. चार वाजायला आले होते.

फुलबाणीहून तपासणीला आलेल्या बेहेराबाबूंनी मीटरवरचा आकडा दोनदा पाहिला. तीन महिन्यांत झालेली बोलणी : शून्य.

"सरकारी निधीतला फोन आहे हा," ते म्हणाले. "शून्य आलं की काढायचा आणि दुसऱ्या गावाला द्यायचा."

"वापरतो की, बाबू. दर रविवारी," नबघन म्हणाला.

"म्हणजे मीटर खोटं बोलतं? आधी वर चढ आणि त्या पट्ट्या पूस. कावळ्यांनी रंगवून ठेवल्यात."

नबघन फडकं घेऊन छपरावर गेला.

चारला फोन वाजला. दोनदा वाजून थांबला. बाकावरची एक बाई उठली आणि हसत घरी गेली. मग तो तीनदा वाजला. दुसरी उठली. वीस मिनिटांत सहा जणी गेल्या. फोनला कोणी हात लावला नाही.

उरली ती म्हातारी जेमा.

"मावशी, तुम्ही लोक उचलत का नाही?"

"उचलू नये."

"का पण?"

"भरल्या तिन्हीसांजेला अभद्र बोलायला लावू नका, बाबू."

"अजून ऊन आहे, मावशी." बेहेराबाबू हसले. "एक बोलणं नोंदलं गेलं ना, तर फोन वाचेल तुमचा."

फोन वाजला. एकदा. दोनदा. तिसऱ्या घंटीला बेहेराबाबूंनी हात पुढे केला. जेमाने त्यांचं मनगट धरलं, पण तोवर रिसीव्हर उचलला गेला होता.

"हॅलो! बोला!"

तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एका पुरुषाने हंबरडा फोडला.

जेमाने रिसीव्हर हिसकावला. "लोचन! मी आहे रे! मीच आहे!"

फोन बंद झाला होता.

नबघन शिडीवरून घसरतच खाली आला. "काय केलंत, बाबू! पोरं केरळात आहेत. प्रत्येक घराच्या घंट्या वेगळ्या. मावशीच्या पाच. घंट्या आल्या की पोरगं खुशाल. इकडून उचलला नाही की घर खुशाल. घरातलं कोणी गेलं, तरच उचलायचा." त्याने जेमाकडे पाहिलं. "आणि मावशीच्या घरात मावशी एकटीच."

"मग लाव ना त्याला परत!"

"कुठे लावू? रस्त्यावरच्या बूथवरून करतो तो. आता काम सोडून गाडीत बसेल. तीन दिवसांनी डोकं भादरून दारात उभा राहील."

"त्याआधी पुन्हा करेल की एकदा."

"मेलेल्या आईला कोण फोन करतं, बाबू?"

जेमा बाकावर जाऊन बसली.

"घरी चल, मावशी," नबघन म्हणाला. "मी सोडतो."

"मयताच्या घरात चूल पेटत नाही," ती म्हणाली. "तो येऊन बघेपर्यंत बसते इथेच."

बेहेराबाबूंनी पुन्हा मीटर पाहिलं आणि तक्ता भरला.

झालेली बोलणी : एक. कालावधी : अकरा सेकंद. टेलिफोन वापरात आहे.