रापणीतला वाटा

"पाहुणे शेपटाकडे," मिस्टर कथबर्ट म्हणाला आणि त्यानं ऑल्डविनला रापणीच्या दोराच्या पार टोकाला पाठवलं.

ऑल्डविन गेला. त्याच्या पुढे दोन जर्मन होते, एक डच बाई होती आणि तिचा फोन होता. त्यांच्या पुढे, मांडीभर पाण्यात, निम्मं गाव. शंख फुंकला गेला की या कॅरिबियन बेटावर, टोबॅगोत, ज्याला दोन हात आहेत तो किनाऱ्यावर येतो, दोर ओढतो आणि जाळं वर आलं की आपला वाटा घेऊन घरी जातो. हॉटेलातल्या पाहुण्यांनाही दोर ओढू देतात. वाटा देत नाहीत. त्यांना फोटो मिळतात, आणि ते त्यातच खूश असतात.

ऑल्डविनला वाटा हवा होता.

मासे नको होते. मासे हॉटेलात होते, आणि तेही त्याच्यासारखेच कॅनडाहून आलेले होते. पण टोरांटोत लेकीला झोपवताना तो वर्षानुवर्षं सांगत आला होता की गावाकडे मला कुणी पाहुणा म्हणणार नाही. आता लेक पंधरा वर्षांची झाली होती आणि सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती. विमानतळावर तिच्या बापाला 'टोबॅगोत स्वागत' म्हणाले. हॉटेलात त्याच्या हाती बेटाचा नकाशा दिला. न्याहारी वाढणाऱ्या मुलीनं त्याला नारळाची भाकरी कशी खायची ते सावकाश, एकेक शब्द तोडून समजावलं.

"बाबा, तू नक्की इथलाच ना?" टिआनं विचारलं होतं. "नसलास तरी चालेल. आम्ही घरी गेल्यावर कुणाला सांगणार नाही."

"इथलाच आहे गं तो," त्याची बायको मोनिक म्हणाली होती. "फक्त इथल्या लोकांना कळवायचं राहून गेलंय."

म्हणून शंख ऐकताच तो धावत सुटला होता. कथबर्टला, म्हणजे रापणीच्या मालकाला, त्यानं ओळखही सांगून पाहिली होती. "मी मिस अर्मिनचा धाकटा लेक."

"मिस अर्मिनचा धाकटा कॅनडात असतो," कथबर्टनं त्याच्या इस्त्रीच्या चड्डीकडे बघत म्हटलं. "मोठा माणूस आहे म्हणे. तू शेपटाकडे हो."

जाळं जवळ येऊ लागलं. वर पाणकोळी पक्ष्यांची गर्दी झाली, खाली पाणी उकळल्यासारखं हलायला लागलं. नेमका तेव्हाच डच बाईनं फोटोसाठी दोर सोडला. जर्मन मागे वळून हसले. आणि कथबर्ट, जन्मभर रापण लावण्यात गेलेला कथबर्ट, तोही फोनकडे बघून केस सारखे करू लागला. दोर ढिला पडला. जाळ्याचा तळ वाळूवरून उचलला गेला आणि त्या फटीतून मासे चमचमत बाहेर निसटू लागले.

"अरे कथबर्ट, मेल्या!" शेपटाकडून आवाज आला. "तळाची दोरी कोण दाबणार, तुझी आजी? पाय दे तिच्यावर! पाय! आणि हे भांग पाडून कुठे निघालायस, लग्नाला? तुला नवरा करणार कोण, मुडद्या?"

सगळ्या माना ऑल्डविनकडे वळल्या. टोरांटोच्या ऑफिसात इतकी वर्षं खपून कमावलेली सभ्यता एका दमात वाहून गेली होती. कथबर्टनं मुकाट्यानं दोरीवर पाय दिला.

जाळं वर आलं. कथबर्टनं वाटे घातले. गावातल्या प्रत्येकाला एकेक पिशवी, पाहुण्यांना एकेक हसू. ऑल्डविनपुढे आल्यावर तो थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मग एक फुगलेली पिशवी त्याच्या छातीवर आदळली.

"अर्मिन बया गेली," कथबर्ट म्हणाला, "पण जीभ ठेवून गेली."

ऑल्डविन हॉटेलकडे निघाला तेव्हा त्याच्या पायात काही नव्हतं, शर्ट खांद्यावर फाटला होता आणि कपाळावर खवले चिकटले होते. पिशवीतून पाणी गळत होतं. बागेच्या फाटकात रखवालदारानं हात आडवा घातला.

"ए काका, मासे विकायचे तर रस्त्याच्या बाजूला. इथे पाहुण्यांना त्रास नको."

ऑल्डविननं तोंड उघडलं. 'मी पाहुणा आहे' एवढंच म्हणायचं होतं. ते काही त्याच्या तोंडून निघेना.

तेवढ्यात मोनिक आणि टिआ त्याला जेवायला बोलवायला म्हणून फाटकाशी आल्या.

"मॅडम, हा माणूस तुम्हाला त्रास देतोय का?" रखवालदारानं विचारलं.

मोनिकनं त्या माणसाकडे पाहिलं. इतका खूश तो तिला बऱ्याच वर्षांत दिसला नव्हता.

"नाही हो," ती म्हणाली. "मासे कसे दिले, दादा?"

टिआनं ओठ दाताखाली धरले.

"विकायचे नाहीत, बाई," ऑल्डविन म्हणाला. "गावचा वाटा आहे." आणि ताठ मानेनं वळून तो वाळूतून गावाच्या दिशेनं चालू लागला.

"असल्यांशी बोलत जाऊ नका, मॅडम," रखवालदार दबल्या आवाजात म्हणाला. "एकदा बोललं की पिच्छा सोडत नाहीत."

"माहितेय," चपला हातात घेऊन फाटक ढकलत मोनिक म्हणाली. "आमचं लग्न असंच जमलं."