पान्याची टकटक

धाकट्या लेकीला पहिलं मूल झालं त्या वर्षीची गोष्ट. त्याआधीच नवऱ्याने बायकोला न विचारता राहतं घर विकून जुनी मोटरबोट घेतली होती, आणि दोघं तिच्यावरच राहत होती. तो खाली इंजिनच्या खणात उतरला की अधूनमधून पान्याने वरच्या फळीवर टकटक करायचा, म्हणजे ‘मी ठीक आहे’. वर स्वयंपाक करता करता ती पाय आपटायची, म्हणजे ‘कळलं’.

त्या सकाळी धाकटीचा फोन आला. "आई, बाळाला घेऊन चार दिवस येऊ का?"

फोन ठेवताच बायको कडाडली, "लेकीला माहेर म्हणून हे गळकं डबडं दाखवू?"

"अगं, पाळणासुद्धा लागणार नाही. लाटाच झोके देतील," म्हणत तो हसत खाली उतरला आणि त्याने इंजिन चालू केलं.

थोड्या वेळाने टकटक झाली.

ती फळीशी वाकून ओरडली, "बंद करा ती टकटक! आज तुमचा आवाजसुद्धा नको मला. जन्मात एकदा तरी माझं ऐका!"

पुन्हा टकटक झाली नाही. "बरी जिरली," म्हणत तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भाजी चिरली.

फुटक्या पाइपाच्या धुराने गुदमरून नवरा गेला तो त्याच दिवशी, जेवणाच्या आधी. त्याने एकदाचं ऐकलं होतं की ऐकायला उरलाच नव्हता, हे न कळल्याच्या रागाने ती अजून पाय आपटते.