रक्त थांबवा

बाळंतपणात फार रक्त गेल्यानं इरावतीचे ओठ पांढरेफटक पडले होते, तरी डॉक्टर मुलाणी रक्ताची पिशवी लावू देईनात.

“मॅडम, जाईल हो ती!” तिचा नवरा मुकुंद ओरडला.

“आधी जंतूंचा ताप उतरू दे. आत्ता दिलं तर त्यातलं लोह जंतूच खातील.”

अँटिबायोटिक्स निकामी होऊन वर्षं लोटली होती. आता जंतूंना उपाशीच मारावं लागे. शरीरातल्याच एका प्रथिनाची खोबण मोठी करून ते सकाळी तिला टोचलं होतं. लोह पळवणारे जंतूंचे रेणू त्या खोबणीत अडकायला हवे होते.

न राहवून मुकुंदनं पिशवीकडे हात नेला. इरावतीनं त्याचं मनगट धरलं. “थांब रे.”

तो थांबला.

दुपारी तिला दरदरून घाम फुटला. मुलाणींनी तिच्या कपाळाला हात लावला; ताप उतरला होता. “लावा रक्त,” त्या म्हणाल्या, आणि मुकुंदनंच पिशवी उचलून पुढे केली.